राणी कुठली तेच कळेना

खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात गांधीलमाश्यांनी घर केलंय. मी ते काढलं नाही. घरच्यांचं म्हणणं काढून टाक, कुणाला तरी चावतील, पण ती खिडकी आम्ही तशीही कधी उघडत नाही, काच बंदच असते, म्हणून म्हटलं राहू दे, आणि मग रोज सकाळी काचेला नाक लावून अर्धा अर्धा तास बघत बसायची सवयच लागली मला. पाच-सहा इंचांवरून दिसतं सगळं. राखाडी कागदासारखं पोळं, एका बारीक काळपट देठावर लटकलेलं, तीस-पस्तीस कप्पे असतील. काही कप्प्यांत तळाशी पांढरं इवलंसं अंडं चिकटवलेलं, काहींत अळ्या, त्यांची डोकी कप्प्याच्या तोंडाशी आलेली, आणि काहींना वरून पांढरं झाकण, म्हणजे आत कोष. माश्या चौदा-पंधरा. तांबूस तपकिरी, पोटावर एक पिवळा पट्टा.

पहिल्या आठवड्यात मी ठरवलं की यातली राणी शोधायची. सोपं असेल असं वाटलं होतं. एक जण फारच दादागिरी करायची, दुसरीच्या अंगावर चढायची, तोंडाने तिचं डोकं, मान चावल्यासारखं करायची, आणि ती दुसरी बिचारी पोळ्याला अगदी चिकटून, अंग चोरून बसून राहायची. म्हटलं हीच राणी, दुसरी कोण असणार. बाहेरून कुणी हिरवा गोळा घेऊन आली (अळी पकडून तिथेच चावून चावून केलेला गोळा) की ही धावत जाऊन तो हिसकावून घ्यायची, मग आणखी एकदोघी त्यातला तुकडा तोडून घ्यायच्या आणि कप्प्याकप्प्यात डोकं घालून अळ्यांना भरवत फिरायच्या. आणणारी मात्र मिनिटभर थांबायची, अंग पुसायची आणि परत उडून जायची. तिला त्यातलं काही खाता पण येत नाही, कारण मोठ्या माशीची कंबर इतकी बारीक असते की घन अन्न पोटात जातच नाही, ती फुलातला रस पिते आणि अळ्या तोंडातून जो थेंब देतात तो पिते. म्हणजे मांस आणायचं ते फक्त पिल्लांसाठी, आणि ती पिल्लंही तिची नाहीत.

माझा राणीचा अंदाज साफ चुकला होता ते नंतर कळलं, ते पुढे सांगते. आधी हे "तिची नाहीत" जे आहे ना, ते मला सुचू देत नव्हतं. दुसरीच्या पिल्लांसाठी आयुष्यभर राबायचं हे आलं कुठून?

हा प्रश्न डार्विनलाही छळत होता. १८५९च्या त्याच्या पुस्तकात त्याने सरळ कबूल केलंय की वांझ कामकरी कीटकांची ही अडचण त्याला आधी आपल्या अख्ख्या सिद्धांताच्या मुळावर येणारी वाटली होती. आणि बरोबरच आहे, जी स्वतः पिल्लं घालत नाही तिचे गुण पुढच्या पिढीत जाणार कसे? त्याने त्यातून वाट काढली ती अशी की निवड एकट्यादुकट्या जीवाची होते तशी कुटुंबाचीही होऊ शकते. पण ते हिशेबात मांडलं १९६४ साली विल्यम हॅमिल्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने. तुझ्यातले जीन तुझ्या पिल्लांमधून पुढे जातात तसेच तुझ्या बहिणीच्या, आईच्या पिल्लांमधूनही जातात, तर नातं किती जवळचं, मदतीने समोरच्याचा फायदा किती आणि तुझा तोटा किती, या तिघांचा हिशेब जमला की मदत करण्याचा स्वभाव टिकतो आणि पसरतो.

इथे मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या यांची एक खासियत आड येते. यांच्यात नर फळलेल्या अंड्यातून होत नाही, न फळलेल्या अंड्यातून होतो, म्हणजे त्याला बापच नसतो, आईकडून आलेला क्रोमोसोमचा एकच संच. त्यामुळे बाप आपल्या प्रत्येक मुलीला स्वतःचा सगळाच्या सगळा संच देतो. म्हणजे बापाकडून आलेलं अर्धं सगळ्या बहिणींत तंतोतंत सारखं, आईकडून आलेलं अर्धं निम्मं सारखं, बेरीज केली की सख्ख्या बहिणींचं नातं ७५ टक्के, आणि स्वतःच्या मुलीशी मात्र ५०च टक्के. वाचल्यावर वाटतं की झालं, सुटलं कोडं, मुलीपेक्षा बहीण जवळची तर मग बहिणीच वाढवा!

मलाही बरीच वर्षं हेच उत्तर वाटत होतं, कारण जिथे तिथे हेच लिहिलेलं असतं. पण ते पुरत नाही. भावाशी नातं फक्त २५ टक्के असतं, त्यामुळे बहिणी आणि भाऊ सारखेच वाढवले तर सरासरी परत ५०वरच येते. वाळवीत तर नर-मादी दोघांनाही दोन-दोन संच असतात, तरी तिचं वारूळ भरलेलं. आणि ज्या हजारो जातींत हे ७५ टक्क्यांचं गणित लागू होतं त्यातल्या बहुतेक एकट्याच राहतात. डंख करणाऱ्या गांधीलमाश्यांच्या तीस हजारांच्या वर जाती माहीत आहेत, त्यातल्या हजारभरच अशा घोळक्याने राहणाऱ्या. बाकी सगळ्या एकट्या संसार करतात. आपल्याला गांधीलमाशी म्हटलं की पोळंच आठवतं, कारण चावतं ते पोळं, पण खरं बघायला गेलं तर एकटं राहणं हाच त्यांचा मूळ रिवाज.

म्हणून मला वाटतं हॅमिल्टनच्या हिशेबातला नात्याचा आकडा जरा बाजूला ठेवून बाकीच्या दोन आकड्यांकडे बघायला पाहिजे, फायदा आणि तोटा. एकटीचा संसार कसा असतो, आणि तो मोडतो कसा.

भिंतीवर मातीचं घर करणारी कुंभारीण सगळ्यांनी पाहिलेली असते. कुंभारणींतही दोन घराणी आहेत. एक कोळी पकडणारी, तिचं नातं मधमाश्यांशी जवळचं. दुसरी अळ्या पकडणारी, गोल मडक्यासारखं घर करणारी, ही आपल्या खिडकीतल्या कागदवाल्यांची सख्खी चुलत बहीण. ही दुसरी काय करते बघा. मडकं झालं की आत आधी अंडं घालते, छताला बारीक धाग्याने टांगून, आणि मग शिकारीला जाते. डंख मारून अळ्या लुळ्या करायच्या, मारायच्या नाहीत, म्हणजे मांस ताजं राहतं, एकेक आणून मडक्यात भरायची, तोंड लिंपायचं आणि निघून जायचं. पिल्लाची आणि आईची भेटच होत नाही. बाकीच्या बहुतेक एकट्या माश्या आधी शिकार आणतात आणि मग तिच्यावर अंडं घालतात, इथे क्रम उलटा आहे, अंडं आधी. हा एवढासा फरक मला फार मोठा वाटतो, कारण अंडं आधी असलं की शिकार आणता आणता ते उबू शकतं, आई घरी असतानाच पिल्लू बाहेर येऊ शकतं आणि मग डबा भरून देऊन निघून जाण्याऐवजी रोज थोडं थोडं भरवणं शक्य होतं. आई आणि पिल्लू एका घरात आले. कीटकशास्त्रज्ञ हॉवर्ड इव्हान्सने १९५८ साली अशा पायऱ्या लावून दाखवल्या होत्या, एकटीपासून पोळ्यापर्यंत, आणि मजा म्हणजे जवळपास प्रत्येक पायरीवरची माशी आजही कुठे ना कुठे जिवंत आहे. वाळूत बीळ करून राहणारी एक जात, बेंबिक्स, पिल्लाला रोज ताज्या माश्या (घरात घोंघावतात तसल्या, गांधीलमाश्या नव्हे) आणून घालते, पण राहते एकटीच. म्हणजे रोज भरवण्यापर्यंत आलं म्हणून समाज झालाच असं नाही.

उलट रोज भरवायला लागलं की एक नवीनच धोका तयार होतो. डबा भरून झाकण लावलेल्या कुंभारणीला दुसऱ्या दिवशी पक्ष्याने खाल्लं तरी तिचं पिल्लू वाढतं. रोज भरवणारी मेली की सगळं संपलं.

हे मी डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या पोळ्याच्या शेजारीच, दुसऱ्या खिडकीच्या चौकटीवर, एका माशीने एकटीनेच नवीन घर मांडलं होतं. आधी नुसता देठ. मग एक कप्पा, मग तीन, मग सात. लाकडाचा भुसा तासून आणायची, थुंकीत मळून त्याची पातळ पट्टी लावायची, कप्प्याची भिंत वाढवताना मिशांनी सारखी चाचपून बघायची. मधूनच पोटाचं टोक देठावर घासायची, त्यातून मुंग्यांना नकोसं वाटेल असं काहीतरी लागतं तिथे. तीन कप्प्यांत अळ्या झाल्या होत्या, चांगल्या जाड. एक दिवस ती गेली आणि आलीच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. अळ्या डोकी हलवत होत्या, तोंडं उघडत होत्या, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची रांग लागलेली होती. संध्याकाळी सगळे कप्पे रिकामे. अंडीसुद्धा नाहीत. मी काहीच करू शकत नव्हते आणि खरं सांगते मला त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही.

आणि दीड फुटावरच्या मोठ्या पोळ्यावर त्याच आठवड्यात माश्या पंधराच्या तेरा झाल्या होत्या, दोघी कुठेतरी मेल्या असणार. तिथे काही फरक पडला नाही. अळ्यांना खायला मिळत राहिलं.

एका वाक्यात सांगायचं तर विमा. या माश्यांत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत दीड-दोन महिने जातात आणि कितीतरी माश्या तेवढं जगतच नाहीत. एकटीने सुरू केलं तर शेवटपर्यंत जगलीस तरच काहीतरी हाती लागणार, नाहीतर शून्य. घोळक्यात दहाच दिवस काम करून मेलीस तरी त्या दहा दिवसांचं काम वाया जात नाही, अर्धवट वाढवलेलं पिल्लू दुसरी कुणीतरी पुरं करते. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या राघवेंद्र गदगकरांनी १९९०मध्ये हे नीट मांडलं. असं हमखास पदरात पडणारं फळ असेल तर नातं फार जवळचं नसलं तरी मदत करणं परवडतं. पुढे २०००मध्ये मलेशियातल्या हवेत तरंगत राहणाऱ्या गांधीलमाश्यांवर प्रयोग करून जेरेमी फील्ड आणि त्यांच्या सोबत्यांनी असा विमा खरोखर चालतो हे दाखवलं.

गदगकरांची माशी म्हणजे रोपालिडिया मार्जिनाटा, तांबूस तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा. बहुतेक माझ्या खिडकीतलीच. त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी चाळीसेक वर्षं हीच एक माशी बघितली, एकेकीच्या पाठीवर रंगाचे ठिपके देऊन, कोण बसते, कोण भांडते, कोण बाहेर जाते याच्या नोंदी करत. आणि त्यातून जे निघालं त्याने माझा राणीचा अंदाज मोडला. या जातीत राणी भांडतच नाही! शांत बसलेली असते, कुणाच्या अंगावर जात नाही, भांडणाऱ्या त्या वेगळ्याच. बघणाऱ्याला राणी म्हणून वेगळी दिसतसुद्धा नाही, आकाराने सगळ्या सारख्याच. अंडं घालताना पकडली तरच कळणार. म्हणजे मी महिनाभर ज्या दादागिरीवालीला राणी म्हणत होते ती कामकरीच होती, आणि राणी बहुधा ती कडेच्या कप्प्यांवर गुपचूप बसलेली, जिच्याकडे मी नीट बघितलंही नव्हतं. हिच्याच जवळच्या दुसऱ्या जातीत, सायाथिफॉर्मिसमध्ये, राणी खरंच भांडखोर असते, तिथे माझा अंदाज चालला असता.

मग ही शांत राणी सगळ्यांना अंडी घालण्यापासून थांबवते कशी? वासाने. तिच्या शरीरातल्या एका ग्रंथीचा स्राव पोळ्यावर लागत राहतो आणि त्यावरून बाकीच्यांना कळतं की राणी आहे. ती काढून घेतली की काही मिनिटांतच एक कामकरी एकदम भडकते. कालपर्यंत चारचौघींसारखी होती ती आता सगळ्यांच्या अंगावर जायला लागते. राणीला परत ठेवलं तर ती पुन्हा शांत. नाही ठेवलं तर दिवसागणिक तिचा राग ओसरत जातो, अंडाशय वाढतं, आठवड्याभरात ती अंडी घालायला लागते, आणि मग तीही तशीच शांत, गुपचूप राणी.

ही भडकणारी कोण असणार हे आधी सांगता येतं का? इतकी वर्षं बघणाऱ्यांना नाही आलं सांगता. भांडणात कितवा नंबर आहे, अंडाशय केवढं आहे, कशावरूनच नाही, वयाचा थोडाफार संबंध दिसतो इतकंच. पण माश्यांना माहीत असतं. २००८चा त्यांचा एक प्रयोग आहे, तो मी दोनदा वाचला. पोळं मधोमध कापायचं, मध्ये जाळी, माश्या दोन्ही बाजूंना वाटून टाकायच्या, राणी एका बाजूला. दुसऱ्या बाजूची एक जण भडकते. मग राणी जाळीच्या त्या बाजूला हलवायची. आता ही भडकलेली खरी वारसदार असेल तर दोन्ही बाजू तिला मानतात, आणि नसेल तर खरी वारसदार जी पहिल्या बाजूला होती ती पुढे येते आणि मग तिला दोन्ही बाजू मानतात. खऱ्या वारसदाराला कुणी आव्हान देत नाही. पुढे २०१२मध्ये त्यांनी राणी काढली, मग तिची वारस काढली, मग तिचीही वारस काढली, तर निदान पाच जणींची तरी रांग निघाली, आणि प्रत्येक वेळी जिची पाळी ती पुढे, बाकीच्यांची हरकत नाही.

हे वाचल्यावर "कामकरी" हा शब्दच मला बोचायला लागला. वांझ गुलाम असं काहीतरी चित्र त्यात येतं. ह्या तशा नाहीत. यांच्यातली कुणीही तीन गोष्टी करू शकते, इथे राबत राहील, रांगेत थांबून कधीतरी राणी होईल, नाहीतर उठून जाऊन स्वतःचं घर मांडेल, जसं त्या दुसऱ्या खिडकीतलीने केलं होतं. थोडा फरक जन्मतःच असतो म्हणा, एकेकीला वेगळं ठेवून बघितलं तर साधारण निम्म्याच अंडी घालतात. तरी दार सगळ्यांना उघडं. नात्याचं तर विचारूच नका, राणी एकाहून जास्त नरांशी जुगते, राण्या सारख्या बदलतात, त्यामुळे पोळ्यावर एका वेळी बहिणी, भाच्या, मावसबहिणी सगळ्याच असतात, ७५ टक्के कुठल्या कुठे राहिले. कोवळ्या, नुकत्याच बाहेर पडलेल्या परक्या माशीलाही कधीकधी आत घेतात.

दुसऱ्या जातींतही असंच आहे. पोलिस्टिस डॉमिन्युला नावाच्या युरोपातल्या माशीत एकत्र घर मांडणाऱ्यांतल्या ३५ टक्के तर एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत असं २०००मध्ये दिसलं, आणि पुढे कळलं की मदतनीस म्हणून राहणाऱ्यांपैकी काहींना शेवटी ते घर वारशाने मिळतं. पनामात सिरियन सम्नर यांच्या टीमने पोलिस्टिस कॅनडेन्सिसच्या पाठीवर रेडिओ टॅग चिकटवले तर कामकऱ्यांपैकी ५६ टक्के एकाहून जास्त पोळ्यांवर जाऊन येताना दिसल्या, म्हणजे नातेवाइकांच्या दोन-तीन घरी थोडं थोडं काम. विमा एकाच ठिकाणी कशाला काढायचा.

२०१०मध्ये नोवाक, टार्निटा आणि ई. ओ. विल्सन यांनी हॅमिल्टनचं गणित लागतच नाही असा पेपर काढला आणि पुढच्या वर्षी १३७ शास्त्रज्ञांनी सही करून त्याला उत्तर दिलं. त्या वादात मी फार शिरत नाही. नात्याला महत्त्व आहेच, २००८मध्ये २६७ जातींचा अभ्यास आला त्यात हे स्पष्टच निघालं की समाज जिथे जिथे सुरू झाला तिथे मुळात मादी एकाच नराशी जुगणारी होती. माझं म्हणणं एवढंच की नातं असूनही हजारो जाती एकट्या राहिल्या, त्यांचं काय, ते नुसत्या नात्याने सांगता येत नाही.

मोठ्या समाजांची गोष्ट मात्र वेगळी. झाकलेलं मोठं पोळं करणाऱ्या व्हेस्पुला माश्यांत हजारो कामकरी असतात, राणी आकारानेच मोठी, आणि कामकरीने चोरून अंडं घातलंच तर दुसऱ्या कामकरी ते खाऊन टाकतात. तिथून मागे फिरायला वाव नाही. आणि गंमत म्हणजे जिथे हा पहारा कडक असतो तिथे मुळात चोरून अंडी घालणाऱ्याच कमी असतात, २००६मध्ये वेन्सेलिअर्स आणि रॅटनिक्स यांनी हे दाखवलं. तो समाज मला थोडा परका वाटतो. माझं मन खिडकीतल्या पंधरा जणींमध्येच अडकलंय, जिथे अजून काहीच ठरलेलं नाही.

परवा त्या उजाड झालेल्या छोट्या घराच्या जागी परत एक माशी आली. जुने सात कप्पे मिशांनी चाचपून बघितले, एकेकात डोकं घातलं. दुपारपर्यंत एका कप्प्याच्या कडेला ओल्या भुशाची नवीन काळी पट्टी लागली होती. काल संध्याकाळी तिथे दोघी होत्या. दुसरी जरा लांब, चौकटीवरच बसलेली, आणि पहिली तिच्याकडे तोंड करून होती, मिशा पुढे रोखून. बराच वेळ दोघी तशाच. अंधार पडेपर्यंत मी थांबले, तेव्हा दुसरी देठापर्यंत आली होती आणि पहिलीने तिला हाकललं नव्हतं.